लाभांश आणि ऑप्शनचा प्रीमियम: दोन्हींना ‘उत्पन्न’ म्हणण्यापूर्वी

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या माझ्या लहानशा कार्यालयात जुलै महिन्यात प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून घ्यायला जी मंडळी येतात, त्यांपैकी बरीच कोयलीची रिफायनरी, खत कारखाना, बँक किंवा विद्यापीठ यांतून निवृत्त झालेली असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या पिशवीतून निवृत्तिवेतनाचा दाखला, मुदत ठेवींवरच्या व्याजाची प्रमाणपत्रे आणि लाभांशाच्या चार-दोन नोंदी एवढेच कागद निघत असत. आता त्यांच्यासोबत ब्रोकरने पाठवलेला ‘एफ अँड ओ’चा, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन या करारांच्या व्यवहारांचा, अनेक पानी हिशेबही असतो. “दर महिन्याचे थोडे उत्पन्न सुरू केले आहे,” असे ते समाधानाने सांगतात, आणि कंपनीने दिलेला लाभांश व ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियम या दोन्हींना एकाच शब्दाने ओळखतात. बँकेच्या खात्यात दोन्ही रकमा सारख्याच दिसतात हे खरे, पण त्या ज्या कारणाने येतात ती कारणे अगदी वेगळी आहेत, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होणारे नुकसान मी या लोकांच्या कागदांत दर वर्षी पाहतो. म्हणून ते सविस्तर लिहावे असे मनात होते.

लाभांश म्हणजे कंपनीने कमावलेल्या नफ्यातून भागधारकांना रोख वाटलेला हिस्सा. तो द्यायलाच हवा असे बंधन कंपनीवर नसते. संचालक मंडळ शिफारस करते, अंतिम लाभांशाला वार्षिक सभेत भागधारक मंजुरी देतात, आणि वर्षाच्या मध्ये दिला जाणारा अंतरिम लाभांश संचालक मंडळ स्वतःच जाहीर करू शकते. जाहीर होईपर्यंत तो कोणाचाही हक्क नसतो, आणि जाहीर झाल्यावर मात्र कंपनी कायद्यानुसार तीस दिवसांच्या आत भागधारकाला मिळालाच पाहिजे. मुदत ठेवीचे व्याज आणि लाभांश यांत हाच मूळ फरक आहे: ठेवीचा दर आधी ठरतो, तर लाभांश कंपनीच्या वर्षावर अवलंबून असतो.

याचे उदाहरण आपल्याच गावात आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळात १९०८ साली मांडवीच्या परिसरात सुरू झालेली बँक ऑफ बडोदा आज देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे, आणि तिचे शेअर नसलेले जुने मराठी घर या शहरात शोधावे लागेल. थकीत कर्जांच्या तरतुदींमुळे २०१७-१८ या वर्षात बँकेला २,४०० कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला आणि लाभांश थांबला. पुढे कोरोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश वाटण्यास सर्वच बँकांना मनाई केली. २०२१-२२ साठी शेअरमागे २.८५ रुपये, २०२२-२३ साठी ५.५० रुपये आणि २०२३-२४ साठी ७.६० रुपये असा लाभांश पुन्हा मिळू लागला. मधल्या वर्षांत ज्यांनी घरखर्चाचा एखादा भाग या लाभांशावर बेतला होता त्यांची अडचण झाली, आणि त्या सर्व काळात बँक मात्र नेहमीसारखी उघडत होती, कर्जे देत होती, पगार करत होती. कंपनी चालू असणे आणि लाभांश चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाभांश कोणाला मिळणार हे ‘रेकॉर्ड डेट’वरून ठरते. त्या तारखेला ज्याच्या डिमॅट खात्यात शेअर आहेत तो पात्र. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांचे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात, त्यामुळे रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली असावी लागते; त्याच दिवशी घेतलेल्या शेअरवर लाभांश मिळत नाही. इथे अनेकांना एक युक्ती सुचते की आदल्या दिवशी शेअर घ्यावा, लाभांश पदरात पाडून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी विकून टाकावा. ही युक्ती चालत नाही, कारण लाभांशाची रक्कम कंपनीच्या तिजोरीतून बाहेर जाणार असते आणि त्या दिवशी बाजार साधारण तेवढ्याच रकमेने शेअरचा भाव खाली उघडतो. हातात आलेल्या दहा रुपयांवर कर द्यायचा आणि भावात दहा रुपये गमवायचे, एवढेच त्यातून होते.

दुसरा गोंधळ टक्क्यांचा. “कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला” अशी बातमी वाचून फोन येतात. हे टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजलेले असतात. दर्शनी किंमत एक रुपया असेल तर ५०० टक्के म्हणजे पाच रुपये, आणि तो शेअर बाजारात हजार रुपयांना मिळत असेल तर गुंतवणुकीवरचा परतावा अर्धा टक्काच झाला. खरे मोजमाप म्हणजे वर्षभराचा लाभांश भागिले बाजारभाव, ज्याला डिव्हिडंड यील्ड म्हणतात. चारशे रुपयांच्या शेअरवर वर्षाला सोळा रुपये मिळत असतील तर यील्ड चार टक्के.

पण या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. समजा त्या कंपनीच्या धंद्याची स्थिती बिघडली, भाव चारशेवरून अडीचशेवर आला आणि संकेतस्थळे अजून गेल्या वर्षीचे सोळा रुपयेच धरत आहेत; मग यील्ड ६.४ टक्के दिसू लागते. म्हणजे कंपनी जितकी अडचणीत, तितकी ती यादीत वर. खाणकाम आणि धातूंच्या धंद्यात तर लाभांश वर्षागणिक कमालीचा बदलतो. वेदांता कंपनीने २०२२-२३ मध्ये पाच अंतरिम लाभांश मिळून शेअरमागे १०१.५० रुपये दिले आणि पुढच्या वर्षी २९.५० रुपये. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून ज्यांनी पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडले त्यांचा अंदाज एक तृतीयांशाहूनही खाली आला. त्यामुळे एका वर्षाच्या यील्डपेक्षा मागच्या आठ-दहा वर्षांची ओळ पाहावी, आणि नफ्याचा किती भाग वाटला गेला तेही पाहावे. कमाईपेक्षा जास्त वाटणारी कंपनी ते फार काळ करू शकत नाही.

सरकारी कंपन्यांचे लाभांश सहसा चांगले असतात, त्यामागे धोरण आहे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा लाभांश दर वर्षी द्यावा अशी अपेक्षा आहे. सरकार स्वतः सर्वांत मोठा भागधारक असल्यामुळे तिजोरीला जे मिळते त्याच प्रमाणात आपल्यालाही मिळते.

करासंबंधी थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हातात करपात्र आहे आणि तो तुमच्या टप्प्याप्रमाणे उत्पन्नात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षात दहा हजार रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळाला तर कंपनी दहा टक्के कर आधीच कापते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी पाच हजार होती. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल तर स्वयंघोषणेचा अर्ज वेळेत दिल्यास कपात टळते, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा मागावा लागतो. सात वर्षे न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातो. ज्यांच्या घरात अजून कागदी शेअर प्रमाणपत्रे आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण एप्रिल २०२४ पासून अशा भागधारकाचे पॅन, बँक खाते वगैरे तपशील कंपनीच्या निबंधकाकडे पूर्ण नसतील तर लाभांशाची रक्कम अडकून राहते. आजोबांच्या ट्रंकेतले असे कागद घेऊन लोक आजही माझ्याकडे येतात.

आता ऑप्शनकडे वळू. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांत लोक त्याकडे का वळले, याचे एक स्थानिक कारण मला दिसते. आयपीसीएल या इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीचे शेअर या शहरात घरोघरी होते. २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली आणि पाच शेअरांमागे रिलायन्सचा एक शेअर मिळाला. पुढे बोनस मिळत गेले, किंमत वाढत गेली, आणि निवृत्तांच्या खात्यात आज कागदावर मोठी दिसणारी संपत्ती आहे. पण त्या शेअरवरचे डिव्हिडंड यील्ड अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. सात लाखांचे शेअर आणि वर्षाला तीन हजारांच्या आसपास लाभांश, हे चित्र पाहिल्यावर “हे शेअर नुसते पडून आहेत, त्यांवर महिन्याला काही मिळवता येते” असे सांगणारा कोणी भेटला की कान टवकारले जाणे स्वाभाविक आहे.

ऑप्शन म्हणजे हक्काचा करार. कॉल ऑप्शन विकत घेणाऱ्याला ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क मिळतो, पुट विकत घेणाऱ्याला तसाच विकण्याचा हक्क मिळतो, आणि या हक्काबद्दल तो विकणाऱ्याला आधीच जी रक्कम देतो तिला प्रीमियम म्हणतात. घेणाऱ्याकडे हक्क असतो, विकणाऱ्यावर बंधन असते. हा प्रकार नवा नाही. आपल्या बाजारपेठांत कॉलला ‘तेजी’ आणि पुटला ‘मंदी’ म्हणत हे सौदे जुन्या काळापासून होत असत. १९५६ च्या कायद्याने शेअरांवरील ऑप्शनना बंदी घातली, ती १९९५ मध्ये उठली, आणि २००१ च्या जूनमध्ये निर्देशांकावर व जुलैमध्ये वेगवेगळ्या शेअरांवर आजच्या स्वरूपातले ऑप्शन राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले.

प्रीमियमची सर्वांत जवळची उपमा विम्याच्या हप्त्याची आहे. विमा कंपनीला हप्ता मिळतो तेव्हा ती ‘कमाई’ झाली असे आपण म्हणत नाही, कारण दावा आला तर भरपाई द्यायची असते. ऑप्शन विकणारा त्या वेळी विमा कंपनीच्या खुर्चीत बसलेला असतो. विमा कंपनीकडे लाखो पॉलिसी असतात, राखीव निधी असतो आणि जोखमीचे गणित करणारी माणसे असतात. निवृत्त माणसाकडे एक-दोन करार आणि आयुष्यभराची बचत असते.

यांतला त्यातल्या त्यात सौम्य प्रकार म्हणजे ‘कव्हर्ड कॉल’, म्हणजे आपल्याकडे असलेल्या शेअरवर कॉल विकणे. तो आकड्यांत पाहू. समजा एका कंपनीचा शेअर १,००० रुपयांना आहे, ऑप्शनचा लॉट, म्हणजे एका कराराचा ठरलेला आकार, ५०० शेअरांचा आहे आणि तुमच्याकडे बरोबर ५०० शेअर आहेत, म्हणजे पाच लाखांचा माल. तुम्ही महिनाअखेरीचा १,०५० रुपयांचा कॉल शेअरमागे बारा रुपये घेऊन विकला. सहा हजार रुपये खात्यात आले. महिनाअखेरीला भाव १,०३० राहिला तर तो हक्क वापरण्यात कोणाला रस नाही. शेअर तुमचे, सहा हजारही तुमचे. सांगणारे नेहमी हेच चित्र सांगतात, आणि मग सहा हजार म्हणजे महिन्याला १.२ टक्के, गुणिले बारा, वर्षाला १४.४ टक्के, असा हिशेब मांडतात.

हा गुणाकारच फसवा आहे. भाव १,१२० झाला तर तुम्हाला शेअर १,०५० ला द्यावे लागतील. भावातून २५,००० आणि प्रीमियमचे ६,००० असे ३१,००० मिळाले, पण काहीही केले नसते तर ६०,००० चा फायदा असता. भाव ८८० वर घसरला तर शेअरमधले ६०,००० चे नुकसान तुमच्याच अंगावर, त्यातून सहा हजार वजा जाऊन ५४,०००. म्हणजे वर जाण्याचा बहुतेक फायदा तुम्ही सहा हजारांना विकलात, आणि खाली जाण्याचा जवळपास सर्व तोटा आपल्याकडे ठेवलात. हा व्यवहार वाईटच आहे असे माझे म्हणणे नाही. १,०५० ला शेअर विकायचाच होता अशा माणसाला त्यात अर्थ आहे. पण ज्याला शेअर मुळीच विकायचे नाहीत त्याने ते विकण्याचे वचन पैसे घेऊन दिले आहे, आणि तो त्याला उत्पन्न म्हणतो आहे, हे मला खटकते.

वचन पाळण्याची रीतही समजून घ्यावी. आपल्याकडे शेअरांवरच्या ऑप्शनचा हक्क मुदतीच्या दिवशीच वापरता येतो, आणि ऑक्टोबर २०१९ पासून त्यांचा निपटारा पैशांत न होता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. त्यामुळे मुदत संपताना भाव ठरलेल्या भावाच्या वर असेल तर तुमच्या डिमॅटमधून शेअर जातात. ते शेअर तीस वर्षांपूर्वीचे असले तरी ती विक्रीच समजली जाते आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. सहा हजारांच्या प्रीमियमसाठी त्याहून मोठा कर ओढवून घेतल्याची प्रकरणे मी हाताळली आहेत. शिवाय शेअर हाताशी असले तरी विकलेल्या कॉलसाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायचे तारण, लागतेच. ते शेअर गहाण ठेवून बऱ्याच अंशी भागवता येते, पण मुदतीच्या शेवटच्या दिवसांत मागणी वाढत जाते. आणि लॉट हा साधारणपणे काही लाख रुपयांचा असतो. ज्याच्याकडे एखाद्या कंपनीचे ऐंशी किंवा दीडशे शेअर आहेत त्याला कव्हर्ड कॉल करताच येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच गटातले आहेत, हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

लाभांश आणि ऑप्शन या दोन वाटा एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. कॉल विकलेला असला तरी शेअर रेकॉर्ड डेटला तुमच्याच खात्यात असतील तर लाभांश तुम्हालाच मिळतो. अमेरिकेत कॉल घेणारा लाभांशाच्या आदल्या दिवशी हक्क वापरून शेअर काढून नेऊ शकतो, आणि तिथले लेख वाचून आलेले लोक त्याची भीती बाळगतात. आपल्याकडे हक्क मुदतीच्या दिवशीच वापरता येत असल्यामुळे ती अडचण नाही. मात्र जाहीर झालेला लाभांश बाजारभावाच्या दोन टक्के किंवा अधिक असेल तर शेअर बाजार ऑप्शनचा ठरलेला भाव त्या रकमेने कमी करतो, हे ध्यानात ठेवावे.

खरी पडझड पुट विकण्यात आणि हातात शेअर नसताना कॉल विकण्यात होते. १,००० च्या शेअरवर ५०० च्याच लॉटचा ९५० चा पुट दहा रुपयांना विकला तर पाच हजार मिळतात. भाव ८५० वर आला तर ते शेअर ९५० ने, म्हणजे पावणेपाच लाख रुपये मोजून घ्यावे लागतात आणि त्या क्षणी पंचेचाळीस हजारांचा तोटा असतो. तेवढी रोख बाजूला ठेवून, आणि तो शेअर त्या भावाला हवाच आहे म्हणून कोणी पुट विकत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक जण फक्त मार्जिनपुरते पैसे ठेवतात. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागत असताना निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात सुमारे सहा टक्क्यांनी घसरला. आदल्या दिवशी तो तीन टक्क्यांहून अधिक चढला होता. महिनोन्‌महिने जमवलेले प्रीमियम अशा दोन दिवसांत निघून जातात. एका गृहस्थांनी त्या आठवड्यात मुलीच्या लग्नासाठीची ठेव मोडून मार्जिन भरले होते. ते कागद मी नीट लावून दिले. त्यांच्याशी काय बोलावे ते मला सुचले नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का होते. २०२४-२५ मध्येही तोट्यातल्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे ९१ टक्के राहिले. यांत ऑप्शन घेणारे आणि विकणारे दोन्ही आहेत, त्यामुळे हा आकडा कव्हर्ड कॉल करणाऱ्या सावध माणसाचा नाही हे मान्य. पण सावध म्हणून सुरुवात करून हळूहळू हातात शेअर नसताना विकण्यापर्यंत जाणारी वाट किती निसरडी आहे, हे मी हिशेबाच्या पानांत महिना-महिन्याने वाचले आहे. पहिल्या चार महिन्यांत प्रीमियम जमतो, धीर वाढतो, लॉट वाढतात.

ऑप्शनचा नफा-तोटा कायद्याने व्यवसायाचे उत्पन्न समजला जातो, त्यामुळे निवृत्तिवेतन आणि व्याज दाखवणारे साधे विवरणपत्र चालत नाही, व्यवसायाच्या उत्पन्नासाठीचे आयटीआर-३ हे विवरणपत्र भरावे लागते. एकच लॉट विकला असला तरीही.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांनी नव्वदच्या दशकात घेतलेल्या सहाशे शेअरांपैकी पाचशेवर बारा रुपयांना कॉल विकला होता. कंपनीच्या निकालांच्या आठवड्यात भाव ठरलेल्या भावाच्या वर जाऊ लागला तेव्हा ते विवरणपत्रासाठी नव्हे, तर “माझे शेअर जाणार का?” हे विचारायला दुपारच्या उन्हात रावपुऱ्यातून चालत आले. मी त्यांना विचारले की हे शेअर त्या भावाला विकायला तुम्ही तयार होता का, आणि ते नाही म्हणाले. तोच कॉल परत विकत घेणे एवढाच मार्ग उरला होता; तो त्यांनी एकतीस रुपयांना घेतला आणि साडेनऊ हजार रुपये सोडले. हा तोटा निवृत्तिवेतनातून वजा करता येत नाही, पण त्याच वर्षाच्या लाभांशातून करता येतो. म्हणून त्यांच्या आयटीआर-३ मध्ये मी तो त्या वर्षी मिळालेल्या लाभांशासमोर मांडला, आणि उरलेला थोडा भाग त्यांच्या मुदत ठेवीच्या व्याजासमोर.